बट्टा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, आज मी तुमच्याशी जुन्या लॅपटॉपवरच्या ओरखड्यांबद्दल बोलणार आहे. हा कवी माणूस, याला यंत्रातलं काय कळतं, असं तुमच्या मनात येईल. ते खरंच आहे. मी मराठी घेऊन बी.ए. झालो आणि यंत्राशी माझा संबंध फार तर छापखान्यापर्यंतचा. पण माझ्या धाकट्या मुलीसाठी मी एकामागून एक असे दोन जुने लॅपटॉप विकत घेतले. त्या खरेदीत जे शिकलो ते मला थेट दोनशे वर्षं मागे, सराफाच्या पेढीवर घेऊन गेलं. म्हणून वाटलं, ते तुम्हाला सांगावं.

नव्या लॅपटॉपची किंमत आमच्यासारख्या घराला परवडत नाही. मग वापरलेलं यंत्र घ्यायचं. मोठमोठ्या कंपन्या आपल्या नोकरांना लॅपटॉप देतात, तीन-चार वर्षांनी ते बदलतात. काढून टाकलेली ती यंत्रं ठोक भावाने व्यापारी घेतात, साफसूफ करतात, एखादा भाग बदलतात आणि पुन्हा विकतात. याला 'रिफर्बिश्ड' म्हणतात. पुण्या-मुंबईहून ती सांगली-मिरजेपर्यंत येतात. दुकानदाराने मला विचारलं, "कुठल्या ग्रेडचा दाखवू?" मला वाटलं, ग्रेड म्हणजे यंत्राची ताकद असेल. तसं नव्हतं. ए ग्रेड म्हणजे वरून जवळजवळ नवा. बी ग्रेड म्हणजे झाकणावर चार ओरखडे, तळहात टेकतात तिथे चकाकी आलेली. सी ग्रेड म्हणजे कोपऱ्याला पोचा, बटणांवरची अक्षरं पुसट, पडद्यावर बटणांचे ठसे. आतलं यंत्र तिघांचंही सारखंच, असं तो म्हणाला. भावात मात्र हजारोंचा फरक.

"म्हणजे हे पैसे कशाचे?" मी विचारलं.

"ओरखड्यांचे कमी केलेत की, काका."

त्या क्षणी मला एक जुना शब्द आठवला. बट्टा.

आपण सहज म्हणतो, 'घराण्याच्या नावाला बट्टा लागला'. बट्टा म्हणजे डाग, कलंक, असाच अर्थ आपल्या मनात असतो. पण मूळचा हा बाजारातला शब्द. नाण्याच्या दर्शनी किमतीतून जी रक्कम कापून घ्यायची ती बट्टा. वटाव हा शब्दही त्याच पेढीवरचा. आणि एकदा इकडे कान दिला की आपल्या बोलीत नाण्यांचा खुळखुळाट ऐकू येऊ लागतो. माणूस 'खणखणीत' असतो, कारण सराफ रुपया दगडावर आपटून त्याचा आवाज ऐकत असे. खोटं नाणं 'बद्द' वाजतं. एखादा नट 'चलनी नाणं' असतो. 'पारख' तर आपण जावयापासून जनावरापर्यंत सगळ्यांची करतो. आणि आपल्याकडे पोतदार आडनावाची घरं गावोगाव आहेत. हा पोतदार गावात सारा भरताना नाणी पारखायला बसे.

पारखायला माणूस का लागायचा? कारण रुपया एक नव्हता. पेशवाईच्या शेवटच्या काळात आपल्या या मुलखात किती प्रकारचे रुपये फिरत होते! चांदवडच्या टांकसाळीतला चांदवडी, अंकुशाची खूण असलेला अंकुशी, दक्षिणेकडे बागलकोटचा मल्हारशाही. प्रत्येकाचं वजन थोडं वेगळं, चांदीचा कस वेगळा. एका गावात जो रुपया पुऱ्या किमतीने चाले, तोच पुढच्या पेठेत आणा-दीड आणा कमी होऊन बसे. त्यात नाणं हातोहात फिरून झिजायचं. काही लबाड माणसं कडेची चांदी हळूच कातरून घ्यायची. मग सराफ रुपया हातात घेई, कड चाचपून बघे, वाजवून बघे, तराजूत टाके आणि सांगे, "याला इतका बट्टा." त्या बट्ट्याचा भार शेवटी कोणावर पडायचा? सारा भरणाऱ्या कुणब्यावर. बाजारात धान्य विकताना त्याला जो रुपया मिळे तो एका भावाने, आणि सरकारात भरताना तोच रुपया दुसऱ्या भावाने.

पण इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. सराफ बट्टा घेई तो नाणं बघून, तोलून. त्यात लबाडी होई, नाही असं नाही. तरी तत्त्व असं की जेवढी चांदी कमी, तेवढा बट्टा. बंगालमध्ये मात्र याहून विचित्र रीत पडली होती. तिथे ताज्या सनाच्या रुपयाला सिक्का रुपया म्हणत. त्यावर बादशहाच्या राज्यारोहणाचं वर्ष छापलेलं असे. पहिलं वर्षभर तो पुऱ्या किमतीने चाले. वर्ष उलटलं की त्यावर बट्टा. आणखी वर्ष गेलं की आणखी बट्टा. मग त्याला सनवात म्हणत, म्हणजे जुन्या सनांचा. रुपया झिजला की नाही, हे कोणी विचारायचं नाही. पेटीत कापडात गुंडाळून ठेवलेला, एकदाही बाजार न पाहिलेला रुपयासुद्धा केवळ त्यावरचं वर्ष जुनं म्हणून कमी किमतीचा व्हायचा.

ईस्ट इंडिया कंपनीला या बट्ट्याचा जाच झाला, तेव्हा तिने काय केलं ते ऐकण्यासारखं आहे. तिने वर्षच गोठवून टाकलं. शाहआलम बादशहाच्या एकोणिसाव्या वर्षाचा शिक्का घेतला आणि वर्षानुवर्षं तोच उमटवत राहिली. बादशहा गेला, त्याचा मुलगा गादीवर आला, तरी बंगालच्या रुपयावर सन एकोणीसच! नाणं कोणत्या साली पडलं हे कळेनासं झालं आणि सनाचा बट्टा घेण्याची सोय राहिली नाही. इलाज नामी होता. पण त्याचा अर्थ असाही होतो की लोकांना नाणं पारखायला लावण्याऐवजी त्याचं वय लपवणं सोपं गेलं. मंडळी, जुन्या वस्तूंच्या बाजारात हा इलाज आजही चालतो. त्याकडे मी येणारच आहे.

त्याआधी तुम्हाला साताऱ्याला नेतो. माझं आजोळ साताऱ्याचं. नानीच्या लाकडी पेटीत अत्तराच्या रिकाम्या कुप्या, निकाहातला जरीचा तुकडा आणि एका पुरचुंडीत चांदीचे सात रुपये असत. त्यांच्यासोबत दोन-तीन तांब्याच्या शिवरायाही. शिवराई हे आपल्या भागातलं गोरगरिबांचं नाणं. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपती', अशी नागरी अक्षरं. महाराजांनंतरही पुढचे राज्यकर्ते ती पाडत राहिले. पेशवाईत मधोमध दोन दांड्या असलेली दुदांडी शिवराई निघाली, आणि इंग्रजी अंमल आल्यावरही कितीतरी वर्षं लोक ती वापरत होते. इतक्या हातांतून गेल्यावर अक्षरं कुठली राहायला? नानीजवळच्या एका शिवराईवर फक्त 'छ' शिल्लक होता. लहानपणी मी त्यावर बोट फिरवायचो. आंधळ्याला वाचता येईल एवढाच तो उंच होता.

१९८७ साली माझ्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची फी भरायची होती. अब्बांचा पगार तीन महिने अडला होता. नानीने पुरचुंडी सोडली आणि मला घेऊन सराफाकडे गेली. मोती चौकाच्या बाजूला ती पेढी होती. सराफांनी सातही रुपये एकेक करून हातात घेतले. दोन बाजूला काढले. "मावशी, यांना डाग आहे," ते म्हणाले. सोनाराच्या भाषेत डाग म्हणजे झाळ. कधीकाळी कोणीतरी ते रुपये माळेत ओवायला कडी जोडली होती, ती काढली तरी झाळ राहिली होती. त्या झाळेच्या वजनाची वजावट. ते नानीला पटलं. मग त्यांनी तिसरा उचलला. तो इतका गुळगुळीत होता की राणीचा चेहरा म्हणजे नुसता एक उंचवटा, आणि साल तर दिसतच नव्हतं. "हा फार झिजलाय. यात वजन कमी भरतंय."

नानी आयुष्यभर साताऱ्यात राहिली, पण घरात आमची दखनी आणि बाहेर मराठी अशी तिची वाटणी होती. ती सराफांना म्हणाली, "भाऊ, झाळ आहे त्याचं कापा. कुणी कातरला असंल त्याचं बी कापा. पण हा तर माणसांच्या हातांनी झिजलाय. ह्याचा बट्टा कसला?" सराफ हसले. भला माणूस होता. पण तराजू तराजूच. नानीने तो रुपया उचलून परत पुरचुंडीत बांधला. "ये नको," मला म्हणाली. सहा रुपये विकले. फी भागली. सातवा आज माझ्या टेबलावर आहे.

पुढे कधीतरी ग्रंथालयात नाण्यांच्या कायद्याबद्दल वाचताना मला नानीचा प्रश्न छापलेला सापडला. १८३५ साली कंपनी सरकारने साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. म्हणजे बरोबर एक तोळा. म्हणून तर आपल्याकडे 'रुपयाभार' हे माप झालं. वाण्याच्या तराजूत रुपया वजन म्हणूनही बसला. नव्या ग्रॅममध्ये साडेअकराच्या थोडं वर. एवढा एकसारखा रुपया आला तरी झिजायचा तो झिजणारच. मग कायद्यालाच ठरवावं लागलं की किती झीज चालेल. १९०६ च्या नाणे कायद्यात ते आहे. ठरलेल्या वजनापेक्षा शेकडा दोनहून जास्त घट नसेल, तर रुपया पुऱ्या किमतीने घेतलाच पाहिजे. शेकडा दोन म्हणजे साडेतीन ग्रेनच्या आसपास, चिमटीभर सुद्धा नाही. आणि त्या कायद्यात एक शब्दप्रयोग आहे, मराठीत त्याला मी 'वाजवी झीज' म्हणेन. ती मर्यादा ओलांडलेला रुपया खजिन्यात आला तर तो तिथेच कापून बाद करायचा, पण नुसता झिजलेला असेल तर आणणाऱ्याला ठरल्या दराने त्याचे पैसे द्यायचे. मात्र जो रुपया कोणी लबाडीने कातरला आहे, तो कापून तुकडे परत द्यायचे. नुकसान आणणाऱ्याचं.

बघा, रुक्ष कायदा, परक्या सरकारचा. पण त्याने वापरातून आलेली झीज आणि लबाडीतून आलेली झीज वेगळी मानली. नानीचं म्हणणं याहून वेगळं काय होतं?

विलायतेतही हीच कटकट होती. तिथे हातोड्याने ठोकलेली नाणी लोक इतकी कातरत की १६९६ साली सगळं जुनं चलन गोळा करून नव्याने पाडावं लागलं. त्याच वर्षी टांकसाळीच्या कामावर आला तो थोर शास्त्रज्ञ आयझॅक न्यूटन. यंत्रावर पाडलेल्या नाण्यांच्या कडेला दाते किंवा अक्षरं असत. कड कातरली की लगेच दिसे. काही नाण्यांच्या कडेवर लॅटिन भाषेत कोरलेलं असे, त्याचा अर्थ 'शोभा आणि संरक्षण'. म्हणजे नक्षी नुसती नटवण्यासाठी नव्हती, ती राखणही करत होती. आपल्या खिशातल्या नाण्याची कड एकदा नखाने बघा. काही नाण्यांवर ते दाते अजून आहेत. चांदी मात्र केव्हाच गेली. १९४० साली रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला.

आता लॅपटॉपकडे परत येतो. पहिला लॅपटॉप मी २०२१ साली घेतला. साथीचे दिवस होते, मुलीचं कॉलेज घरातच भरत होतं. मी ए ग्रेडचा घेतला. पोरीला पहिल्यांदा काही घेऊन देतोय, त्यावर ओरखडे नकोत, असं वाटलं. जास्तीचे साडेचार हजार मोजले. झाकण आरशासारखं. मुलगी खूष. तिच्या अम्मीने त्याला मापाचं कापडी आवरण शिवलं. चार महिन्यांनी एके दिवशी तो बंद पडला, तो पडलाच. मिरजेत दुरुस्ती करणाऱ्या एका मुलाकडे नेला. त्याने तळाचे स्क्रू काढले आणि मला बोलावलं. "काका, हे बघा." आतल्या पाटीवर हिरवट बुरा धरला होता आणि पंख्याच्या खोबणीत वाळलेला बारीक गाळ.

सांगलीच्या माणसाला गाळ ओळखायला शिकवावं लागत नाही. २००५ आणि २०१९ साली आम्ही तो घराघरांतून खरवडून काढला आहे. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तो लॅपटॉप आमच्याच पुरातला होता की आणखी कुठल्या गावच्या पाण्यातला, कोण सांगणार? पण तो पाण्यात जाऊन आला होता, हे नक्की. कोणीतरी त्याचं बाहेरचं कवच बदललं होतं, वर नवी चकचकीत पट्टी चिकटवली होती. कंपनीने गोठवलेलं ते एकोणिसावं वर्ष मला त्या दिवशी आठवलं. दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, "आम्हाला वरून जसा आला तसा आम्ही दिला. वॉरंटी तीन महिन्यांची." कदाचित तो खरंही बोलत असेल. त्यानेही झाकणच बघून घेतला असेल. माझे १८ हजार गेले. त्यात मुलीच्या परीक्षेचे पंधरा दिवस शेजाऱ्यांच्या मुलाच्या यंत्रावर, त्याच्या वेळेप्रमाणे काढावे लागले. पैशापेक्षा तिला ते जास्त लागलं.

मग वरचं ते सगळं खोटं आणि आतलं ते खरं, असं म्हणायचं का? मंडळी, तेही तितकं सोपं नाही. आमच्या लहानपणी गल्लीत कल्हईवाला यायचा. जमिनीत खड्डा करून भाता लावायचा, पातेलं तापवायचा, नवसागराची चिमूट टाकायचा, कथील फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने एका झटक्यात ते पातेलं चांदीसारखं करायचा. ती कल्हई म्हणजे कागदाहून पातळ वरचा थर. पण तो झिजला तर त्यात ताक ठेवायची सोय नाही. ताक कळकायचं आणि ते पोटात गेलं तर माणूस आजारी पडायचा. तिथे वरचा थर हीच भांड्याची लायकी. तेव्हा झीज कुठे झाली आहे आणि तिथे तिचं काय काम होतं, हे विचारल्याशिवाय चांगलं-वाईट म्हणता येत नाही. लॅपटॉपच्या झाकणावरचा ओरखडा काही करत नाही. पण बिजागरीपाशी केसाएवढी चीर असेल, तर उघडझाप करताना ती वाढते आणि एक दिवस पडदाच हातात येतो.

हे नीट समजलेली माणसं आपल्याच भागात आहेत. मिरजेची सतार आणि तानपुरा देशभर जातो, हे तुम्हाला ठाऊक आहे. २०२४ साली या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ती करणारी घराणी मूळची शिकलगारांची. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि चकाकी देणारा. तलवारीवरचा गंज काढायचा, खाचा घासून सपाट करायच्या, हे त्यांचं काम. १८१८ साली पेशवाई बुडाली, १८४८ साली साताऱ्याचं राज्य खालसा झालं. तलवारी खुंटीला लागल्या. मग शिकलगारांनी खायचं काय? मिरजेत पटवर्धनांचा आश्रय होता, गाण्याबजावण्याची आवड होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगारांनी आणि त्यांच्या भावाने वाद्यं दुरुस्त करता करता ती घडवायला सुरुवात केली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा मोठा भोपळा, तूणीचं लाकूड, लाखेचं पॉलिश. पोलाद घासणारे हात लाकडावर फिरू लागले. आडनावंसुद्धा पुढे सतारमेकर झाली. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ साली गेल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन केलं. त्यांच्यासारख्या गवयाचा कान आणि या कारागिरांचा हात जवळजवळ नांदले, म्हणून मिरजेच्या तानपुऱ्याचं नाव झालं.

त्या गल्लीत मी एकदा अर्धा दिवस बसलो होतो. एक जुना तानपुरा दुरुस्तीला आला होता. भोपळ्यावर ओरखडे, पॉलिश जागोजाग उडालेलं, कडेची नक्षी निघालेली. मला वाटलं, आता याला आधी रंगवतील. कारागिराने तिकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने तार छेडली आणि कान घोडीपाशी नेला. तार घोडीवर टेकते तिथे वर्षानुवर्षांच्या वाजण्याने बारीक चर पडतो. डोळ्यांना तो दिसतही नाही. पण त्या चरात तार रुतली की आवाज बसतो, तिचा गुंजारव जातो. मग कारागीर कानस घेतो आणि घोडीचा माथा घासतो. दोन हात, तार लावून बघायची. पुन्हा एक हात, पुन्हा बघायची. तारेखाली सुताचा जीवा सरकवायचा. याला जवारी काढणं म्हणतात. मोजमाप नाही, पट्टी नाही, फक्त कान. तासाभराने तो उडालेल्या पॉलिशचा तानपुरा असा बोलला की रस्त्यावरून जाणारा माणूस थांबला. मी भोपळ्यावरच्या ओरखड्यांचं विचारलं. कारागीर म्हणाला, "ते मालकाच्या घरचे आहेत. सांगतील तर घालवू." आणि घोडीवरचा चर? "तो माझा."

मालकाचे कोणते आणि दुरुस्त करणाऱ्याचे कोणते, एवढं ओळखता आलं की जुन्या वस्तूचा व्यवहार स्वच्छ होतो. दुसऱ्या लॅपटॉपच्या वेळी मी मिरजेच्या त्या दुरुस्तीवाल्या मुलालाच बरोबर नेलं. त्याने झाकणाकडे तानपुऱ्याच्या कारागिराइतकंच दुर्लक्ष केलं. बिजागरी दहा वेळा उघडली-मिटली. बॅटरी आजवर किती वेळा भरून रिकामी झाली त्याची मोजणी यंत्रातच नोंदलेली असते, ती वाचली. पंख्याचा आवाज ऐकला. एकेक बटण दाबलं, प्रत्येक खाचेत तार घालून पाहिली. शेवटी दुकानदाराला तळ उघडायला लावला आणि आत गाळ नाही ना, हे बघितलं. तो सी ग्रेडचा होता. झाकणावर एक लांब ओरखडा आणि कोपऱ्याला पोचा. आधीच्या कोणा माणसाने इतकं टंकन केलं होतं की चार बटणांवरची अक्षरं गेली होती. ११ हजारांना मिळाला. २०२२ पासून आजपर्यंत चालतो आहे.

मुलीने सुरुवातीला तो चारचौघांत उघडायला नको केलं. मैत्रिणींचे नवे होते. मी तिला काही व्याख्यान दिलं नाही. नुसता नानीचा रुपया तिच्या हातात ठेवला आणि त्याची गोष्ट सांगितली. तिने तो उलटसुलट केला. "अब्बा, म्हणजे साल दिसत नव्हतं म्हणूनच तो राहिला," म्हणाली. पोरी आपल्यापेक्षा नेमकं बोलतात.

आज या बाजाराची अवस्था १८३५ च्या आधीच्या रुपयासारखी आहे. प्रत्येक दुकानाची ए, बी, सी ही बाराखडी वेगळी. एकाचा बी तो दुसऱ्याचा ए. पारख करणारा पोतदार गिऱ्हाईकापाशी नाही. केंद्र सरकारचे ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यांत यंत्रं दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांचीही नोंदणी सांगितली आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण झीज वाजवी कोणती, हे साध्या माणसाला कळेल अशा शब्दांत अजून लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. तोवर माझं एवढंच सांगणं आहे. जुनं यंत्र घ्यायला जाल तेव्हा ओरखड्यांना घाबरू नका, चकाकीला मात्र दोन प्रश्न जास्त विचारा. आणि आतलं बघणारा माणूस बरोबर न्या.

एक शेवटची गोष्ट सांगून थांबतो. तीसेक वर्षं मी कविसंमेलनांना जातो. कविता झाली की अजूनही एखादे गृहस्थ प्रेमाने जवळ येतात, हात हातात घेतात आणि म्हणतात, "मराठी किती छान हो तुमचं!" त्यांचा हेतू चांगला असतो, याबद्दल मला शंका नाही. मी आभार मानतो. पण घरी येताना एसटीत मला तो सनवात रुपया आठवतो. त्याची चांदी पुरी होती. कोणी तोललाच नव्हता. वरचा शिक्का वाचून भाव ठरला होता. सराफाने नानीच्या रुपयाचा बट्टा धरला तेव्हा निदान तो तराजूत तरी टाकला होता. माणसांच्या बाबतीत आपण तेवढी तसदीही घेत नाही. आडनाव, गाव, रंग, वय, एखादी पुसट झालेली जुनी चूक, एवढं वाचतो आणि मनातल्या मनात कापून घेतो.

आता मुलगी नोकरी शोधते आहे. मुलाखतीला जाताना तो पोचा पडलेला लॅपटॉप पिशवीत घालून नेते. झाकणावरच्या ओरखड्यावर तिने काही चिकटवलेलं नाही. परवा मी विचारलं, "झाकायचा का गं?" म्हणाली, "नको. तो माझ्या आधीच्या माणसाचा आहे."

नानीचा रुपया मी कधी तोललेला नाही. तोलायचा विचारही नाही.